पाय हलतात का?

सातवीण फुलली की माझं डोकं फिरतं. आमच्या दिंडोशीच्या वसाहतीत गेटपासून ओळीने नऊ झाडं आहेत. वर्षभर त्यांच्याकडे कोणी मान वर करून बघत नाही. मग ऑक्टोबर येतो, पाऊस एकदाचा आटपतो, ऊन अंगाला चिकटायला लागतं आणि एका संध्याकाळी तो वास सुटतो. गोड, जड, घशात बसून राहणारा. त्या हिरवट पांढऱ्या गुच्छांकडे बघून कोणाला वाटणारही नाही की एवढ्याशा फुलात एवढा दम असेल. लगेच सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महाभारत सुरू होतं. एकाला दमा आहे, त्याला झाडं आजच्या आज छाटून हवीत. एकीला तोच वास स्वर्गातला वाटतो, ती रोज सकाळी फोटो टाकते. मी काही लिहीत नाही. खिडक्या लावून घेते आणि आत घामाने निथळत बसते.

यंदा खिडक्याही लावता येत नाहीत, कारण आईला कोंडल्यासारखं होतं. आई आता ऐंशीला टेकली. जुलैपासून तिची कंबर धरली आहे. मणक्यातली गादी सरकून शीर दाबली गेलीये आणि उजव्या कुल्ह्यापासून टाचेपर्यंत कळ जाते. माझ्यासमोर ती कण्हत नाही. बाथरूममध्ये जाते, बादलीत नळ मोठा सोडते आणि तिथे कण्हून घेते. तिला वाटतं मला कळत नाही. गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, मणक्याजवळ एक सुई देऊ, सूज उतरेल, निदान धड झोपता येईल. आईने सगळं ऐकून घेतलं, पिशवी उचलली आणि दाराकडे वळली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "माका नको ती सुई. तेंचे पाय त्याच सुयेन खाल्ल्यान."

ते म्हणजे माझे बाबा. त्यांना जाऊन सात वर्षं झाली. त्यांचे पाय सुईने खाल्ले नव्हते, हे माहीत असलेलं माणूस आमच्या घरात एकच आहे. ते माणूस रिक्षात तिच्या शेजारी बसलं होतं आणि बाहेर बघत होतं.

तेव्हा मी साकीनाक्याला औषधांच्या एका प्रयोगशाळेत होते. अजूनही तिथेच आहे, फक्त आता कागद सांभाळते, प्राण्यांच्या खोलीकडे फिरकत नाही. खाली लेथ मशीनचे गाळे, लोखंडाच्या किसाचा वास, चहाच्या टपऱ्या, टेम्पोवाल्यांच्या शिव्या. वरच्या मजल्यावर दोन दारं ओलांडून गेलं की एकदम शांत आणि गार. पांढऱ्या उंदरांची खोली. ऑक्टोबरात सगळ्या साकीनाक्यात एसीत राहणारे तेवढेच. बाहेरून आलं की घाम अंगावरच थंड पडायचा. लाकडाच्या भुशाचा, खाण्याच्या गोळ्यांचा आणि मुताचा मिळून एक वास असायचा, तो केसांत बसायचा. घरी आल्यावर बाबा ओळखायचे. "इलंस गो? उंदरांनी सोडलानी तुका?" असं दारातच विचारायचे.

काम असं होतं. मणक्यात द्यायची दुखणं थांबवणारी औषधं एकमेकांशी ताडून बघायची. कुठलं जास्त चालतं आणि कुठलं त्या बदल्यात काय काय बिघडवतं. प्रत्येक उंदराला भूल देऊन मणक्यात केसाएवढी बारीक नळी सरकवलेली, तिचं टोक मानेमागून बाहेर काढलेलं. चार बाटल्या, त्यांच्यावर नाव नाही, नुसते रंगाचे ठिपके. लाल, निळा, पिवळा, हिरवा. त्यातल्या एकीत नुसतं मिठाचं पाणी. कुठल्या बाटलीत काय आहे ते मला माहीत नसायचं. बघणाऱ्याला कळलं तर त्याची नजर लबाडी करते, म्हणून तशी पद्धतच असते. उंदराला औषध द्यायचं, थोड्या वेळाने दिव्याची ऊब त्याच्या शेपटीवर धरायची आणि घड्याळ लावायचं. चटका कळला की शेपटी झटकन बाजूला होते. नाही झाली तर दहाव्या सेकंदाला आपणच दिवा काढायचा, नाहीतर कातडी भाजेल. शेपटी जितकी उशिरा हलली, तितकं औषध चांगलं. मग दुसरा कागद, दुष्परिणामांचा. खाज येते का, लघवी अडते का, श्वास मंद होतो का, मागचे पाय चालतात का.

ऐकायला सोपं वाटतं. हिरव्या ठिपक्याच्या उंदरांची शेपटी दर वेळी ताबडतोब हलायची आणि ते बारीक चिरकायचे. चौथ्या दिवसापर्यंत मला न सांगताच कळलं की हिरव्यात पाणी आहे. त्यांनाही नळी घातलेली, त्यांचीही कातडी शिवलेली, आणि औषध मात्र नाही. कोणाला तरी तसं ठेवावंच लागतं, त्याशिवाय बाकीच्यांचं माप कशाशी लावणार? मला हे पटायचं. संध्याकाळी घरी आले की पटायचं नाही, कारण घरी माझे बाबा तीन महिने हिरव्या ठिपक्यात होते.

प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. गोळ्या चालू होत्या, त्यांचा डोस वाढत होता आणि बाबांवर काही म्हणता काही असर नव्हता. गिरणीत साच्यावर आठ-आठ तास उभा राहिलेला माणूस. गिरणी बंद पडल्यावर गोरेगावात वॉचमनकी केली, तीही उभ्यानेच. खुर्ची दिली होती, पण बसून राखण कसली करतात, म्हणायचे. आता तो माणूस उशीचा कोपरा तोंडात धरून पडून असायचा. पण पलंगापासून संडासापर्यंत अकरा पावलं, ती ते स्वतः चालायचे. भिंतीला हात लावत, मध्ये दोनदा थांबत. आईने एकदा बेडपॅन आणून ठेवलं, तर एवढे चिडले की दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मला जवळ बोलावून म्हणाले, "दुखाक दुखांदे. माज्या पायान संडासाक जातलंय, तितक्या बघ. बाकी माका काय नको."

बस. त्यांचं मागणं एवढंच होतं आणि ते त्यांनी मला सांगितलं होतं, कारण घरात औषधातलं कळणारी मी. शहाणी.

प्राण्यांच्या खोलीत माझ्याबरोबर पास्कलकाका असायचे. मरोळच्या गावठाणातले, साठीच्या आसपासचे. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, पाणी भरणं ही त्यांची कामं, पण उंदरांबद्दल त्यांना जे कळायचं ते आमच्या मॅडमनासुद्धा कळायचं नाही. त्यांच्या मांडीवर उंदीर झोपायचा, खरंच झोपायचा. दुसऱ्या आठवड्यात पिवळ्याचे आकडे बघून सगळे हरखले. पिवळ्याची शेपटी हलतच नव्हती. दहा सेकंद, दिवा काढा. परत दहा सेकंद, दिवा काढा. खाज नाही, श्वास नीट, उंदीर शांत. लघवी अडायची, पण ती लालचीही अडायची, आणि पायांच्या रकान्यात आम्ही पिंजऱ्याबाहेरून बघूनच खूण करायचो. मॅडम म्हणाल्या, हे औषध झकास निघणार. पास्कलकाका पिंजरा पुसत होते. मॅडम गेल्यावर मला म्हणाले, "ए पोरी, तुझे पिवळेवाले शांत नाय. मला नाय पटत ते."

"म्हणजे काय काका? दुखत नाही म्हणून शांत आहेत."

"शेपटी खोटं बोलते यार. पाय बघ. पाय नाय खोटं बोलणार."

त्यांनी एक पिवळा उचलला, टेबलाच्या कडेशी धरला आणि त्याच्या मागच्या पायाची पाठ हलकेच कडेवरून घासली. धडधाकट उंदीर असला की असं घासल्याबरोबर पाय उचलून टेबलावर ठेवतो, आपण अंधारात पायरी चाचपतो तसा. याचा पाय लोंबकळत राहिला. दुसरा उचलला, तोही तसाच. तिसरा. आम्ही दोघांनी सगळे पिवळे एकेक करून कडेवरून नेले. बहुतेकांचे पाय मेलेले होते. शेपटी हलत नव्हती, कारण हलवायला ताकदच नव्हती. आतून दुखत होतं की नाही, देव जाणे. कागदावर मात्र आम्ही दोन आठवडे "वेदना नाही" लिहीत होतो.

मी रिपोर्ट लिहिला. पुढे कुठल्या ठिपक्यात काय ते लिहिलेला लिफाफा उघडला. पिवळं म्हणजे ज्याच्यावर सगळ्यांची आशा ती नवीन बाटली होती आणि लाल म्हणजे आपलं जुनं मॉर्फिन. लाल उंदीर खाजवून घ्यायचे आणि त्यांची लघवी अडायची, इतकी की रोज सकाळी ओटीपोट दाबून मोकळी करावी लागायची. बाकी लाल भरवशाचं निघालं. मीटिंगमध्ये मॅडम म्हणाल्या, बघणारी नजर असावी तर हिच्यासारखी. पास्कलकाकांचं नाव मी घेतलं नाही. घ्यायला हवं होतं, पण कौतुक गोड लागतं. त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा गेटजवळची सातवीण पहिल्यांदा फुलली होती आणि तो वास मला चक्क आवडला होता.

त्याच आठवड्यात बाबांना नळी बसवली. कमरेतून मणक्यात, बारीक, चिकटपट्टी लावून खांद्यापर्यंत आणलेली. तिच्यातून सकाळ-संध्याकाळ मॉर्फिन. डोस द्यायला घरच्या माणसाला शिकवतात. मला शिकवायला त्यांना पाच मिनिटं लागली. सिस्टर म्हणाल्या, "ताई, तुमचा हात तर आमच्यापेक्षा साफ आहे." साफ असणारच. महिनाभर तेच करत होते.

पहिल्या डोसनंतर बाबा चार तास झोपले. मग उठून जेवले. वरण-भात, वर लोणच्याची फोड. मग आपल्या पायांनी अकरा पावलं गेले आणि अकरा पावलं आले, मध्ये न थांबता. आईने देवाजवळ दिवा लावला. बाबा म्हणाले, "औषधात तुजो हात आसा मा गो?" मी म्हटलं, माझा नाही, उंदरांचा आहे. ते खूप हसले. तीन महिन्यांत ते पहिल्यांदा हसले होते.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी दुपारी घर एकदम निवांत होतं. मी रजेवर होते. बाबा उताणे पडून होते, तोंडावर कळ नाही, कपाळावर आठी नाही. पडदे ओढलेले, तरी कुठल्या तरी फटीतून सातविणीचा वास आत येत होता. आई जमिनीवर चटई टाकून झोपली होती. कितीतरी दिवसांनी ती दुपारची झोपली होती. मी दाराच्या चौकटीला टेकून दोघांकडे बघत होते आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, अभिमान वाटत होता.

तेवढ्यात सिस्टरचा फोन आला. रोज दुपारी यायचा, ठरलेले तीन प्रश्न असायचे.

"ताई, दुखणं कसं आहे?"

"अजिबात नाही. शांत पडलेत."

"लघवी?"

"सकाळपासून नाही झाली. मॉर्फिनचं होतं असं, आमच्या उंदरांमध्येसुद्धा बघितलंय मी. संध्याकाळपर्यंत थांबू या ना."

"बरं. पाय हलतात का?"

मी बाबांच्या पायांकडे बघितलं. पायांवर चादर होती. डोक्यावर पंखा होता. चादर हलत होती.

"हो हो, हलतात," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. शेपटी हलत नाही, माणूस शांत आहे, लघवी अडली आहे. हा कागद मी दोन आठवड्यांपूर्वी लिहिला होता, त्याच्यावर माझी सही होती. शांत उंदीर बघितला की आधी पाय बघायचे, हे त्या खोलीत मला कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण घरी तो उंदीर नव्हता. घरी ते बाबा होते, तीन महिन्यांनी गप पडलेले, आणि मला ती शांतता मोडायची नव्हती. औषधाचे दुष्परिणाम मला पाठ होते ना! लघवी अडते, मॉर्फिनच्या रकान्यात लिहिलेलं आहे. बसवलं रकान्यात, झालं. उठून चार पावलं जायला हवं होतं, चादर बाजूला करायला हवी होती. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला.

संध्याकाळी बाबा डोस घेऊन गाढ झोपले, लघवीचं मी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला हाक मारली. आवाज मोठा नव्हता. आई ओट्याशी होती, तिला ऐकू गेलं नाही. ते कोपरांवर उठून बसायला बघत होते आणि खालचं धड येत नव्हतं. माझ्याकडे बघून अगदी साधेपणाने म्हणाले, "माजे पाय खंय आसत गो?"

मी चादर काढली. पाय होते तिथेच होते. काय करावं सुचेना, तेव्हा हाताने सवयीचं तेच केलं. त्यांचा पाय घोट्याशी धरला, पलंगाच्या कडेबाहेर घेतला आणि त्याची पाठ कडेवरून हलकेच घासली. असं माणसाचं बघत नाहीत, मला माहीत आहे. पाय लोंबकळत राहिला. जड, कोमट, नखं मीच कापलेली. बाबा माझ्या हाताकडे बघत होते आणि मी काय करते आहे ते त्यांना कळत नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये कळलं की नळीचा काही दोष नव्हता. आतली गाठ वाढून मज्जारज्जूवर बसली होती. लघवी अडली होती ती त्यामुळे. दुखणं थांबलं होतं त्यातलं किती औषधाने आणि किती पाय गेल्याने, हे कोणालाच सांगता आलं नाही. डॉक्टर तरुण होते, स्पष्ट बोलले. म्हणाले, काल दुपारी आणलं असतं तर काहीतरी करून बघता आलं असतं, चालले असते अशी खात्री नाही, पण प्रयत्न करता आला असता. काल दुपारी. त्यांनी तेच शब्द वापरले.

मी बाहेर आले. आई बाकावर बसली होती, पदराचं टोक मुठीत. तिने विचारलं, "कशान झाला ह्या?" मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "त्या नळयेनच मा?"

"असेल," मी म्हणाले.

एक शब्द. सात वर्षं आई तो नातेवाइकांना सांगत आली आहे. लग्नात, बारशाला, गावाला गेल्यावर. मणक्यात सुई घेऊ नका बाबांनो, आमच्या ह्यांचे पाय गेले. कोणाचं ऐकून कोणी सुई नाकारली असेल, कोण कळा सोसत बसलं असेल, मला माहीत नाही. ज्या बाईची नोकरीच कुठल्या औषधाचा दोष किती हे बघण्याची, तिने स्वतःचा दोष औषधाच्या माथी मारला आणि वर आईला साक्षीदार केलं.

बाबा त्यानंतर मार्गशीर्षापर्यंत जगले. बेडपॅन आईच द्यायची. ती आली की ते भिंतीकडे तोंड करायचे आणि ती जाईपर्यंत वळायचे नाहीत. मला काही बोलले नाहीत. अकरा पावलांबद्दलही पुन्हा काही बोलले नाहीत. एकदा फक्त मला पायांवर चादर घालायला सांगितली. मी घातली. मग म्हणाले, "घातलंस?"

त्या ट्रायलचे उंदीर शेवटी मारावे लागले. ते तसंच असतं, ट्रायल संपली की एकालाही ठेवत नाहीत. पास्कलकाका प्रत्येकाच्या डोक्यावरून एक बोट फिरवायचे आणि मग मला द्यायचे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांच्याकडे मेलेल्यांचा दिवस असतो, कबरींवर मेणबत्त्या लावतात. म्हणाले, "यांची पण एक लावतो. सगळ्यांची मिळून एकच, महाग झाल्यात." मी हसले नाही. त्यांना माझ्या घरचं सगळं सांगून टाकावं असं तेव्हा मनात आलं होतं. शेपटी खोटं बोलते हे त्यांनी मला शिकवलं होतं, त्यांना कळलं असतं. पण मी पुढचा पिंजरा ओढला.

काल दुपारी आई तांदूळ निवडायला बसली आणि तिला उठता येईना. ताट उपडं झालं, तांदूळ घरभर. मी तिला काखेत हात घालून उठवलं, तेव्हा तिच्या तोंडून आवाज निघाला आणि मध्ये नळाचं पाणी नव्हतं. तसा आवाज मी हिरव्या ठिपक्यांच्या पिंजऱ्यांत ऐकला होता. तिला पलंगावर निजवलं, त्याच पलंगावर. पायांवर चादर घातली, पंखा लावला. बाहेरून तो वास येत होता. मी खाली बसून तांदूळ गोळा करायला लागले आणि तांदूळ गोळा करता करता, तिच्याकडे न बघता, सगळं सांगितलं. सिस्टरचा फोन, तीन प्रश्न, पंखा, चादर, हो हो हलतात. डॉक्टर काय म्हणाले ते. बाकावरचं "असेल" तेही.

मी तांदळाची शेवटची मूठ ताटात टाकली. मग आई म्हणाली, "त्या दिवसा पाय बघितले आसते, तर चलले आसते ते?"

"कदाचित," मी म्हणाले. "खात्री नाही. पण कदाचित."

तिने भिंतीकडे तोंड केलं. भिंतीलाच म्हणाली, "सांग त्या डॉक्टराक, घेतंय सुई." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "पंखो बंद कर."

मी उठून पंखा बंद केला. चादर हळूहळू थांबली. मी पलंगाच्या पायथ्याशी गेले, चादरीखाली हात घातला आणि तिच्या पावलाला हात लावला.

तिने पाय झटकन ओढून घेतला.